सपनात काय खाल्लं?

"आयका," असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करायचे. मग लाल तापलेली लोखंडी पळी वरणाच्या गंजात बुडवायचे. छर्र! बोट हळूहळू खाली यायचं आणि जेवणाआधीच जेवल्याचं समाधान चेहऱ्यावर पसरायचं.

गंमत अशी, की त्या पळीत तेलाचा थेंबही नसायचा. कोरडं जिरं, मोहरी आणि मोडलेली लाल मिरची. बस.

हे आमचे शेजारचे काकाजी. मुर्री गावात आमच्या दोन घरांच्या मधली बोळ इतकी अरुंद आहे, की या खिडकीतून त्या खिडकीत वाटी देता येते. सकाळी शाळेत शिकवायला निघण्याआधी मी खिडकीशी चहा घेत उभी राहायचे. समोर काकाजी कणीक मळत असायचे. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या घरात तुमची सकाळ उगवते.

काकाजींनी सगळा जन्म राइस मिलमध्ये काढला. यंत्र डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघायचे. पट्टा ढिला झालाय की वरचं धान संपलंय, हे त्यांना आवाजावरून कळे. निवृत्त झाले तेव्हा त्यांना साधा चहा करता येत नव्हता. स्वयंपाकघर काकींचं राज्य होतं आणि त्या राज्यात तेलाला तोटा नव्हता. लग्नकार्यात वडे तळायला अख्खा मोहल्ला काकींना बोलवायचा. भाजीवर तर्री आल्याशिवाय त्या ती पाहुण्यापुढे ठेवत नसत.

मग काकींची छाती दुखली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की ऑपरेशन या शरीराला झेपणार नाही, आता सगळी मदार ताटावर. दूध, दही, तूप, मटण, अंडं पूर्ण बंद आणि तेल बंद म्हणजे बंदच. काकींनी घरी येऊन एक घास घेतला आणि ताट मागं सरकवलं. "हे खाऊन जगून काय करू?" एवढंच बोलल्या. त्या खरोखरच जेवेनाशा झाल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या. दुखण्यानं नाही, उपाशी राहूनच ही हातची जाते की काय, ही भीती मी काकाजींच्या डोळ्यांत बघितली आहे.

त्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. "तिचा हात थरथरते, तेल जास्त पडते," असं मला म्हणाले. काकींचा हात अजिबात थरथरत नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"मग तुमच्यासाठी वेगळं करता का जी काकाजी?"

"कायले? घरात चूल एकच."

हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. तिला चालत नाही ते या घरात शिजणार नाही, स्वतःसाठी नाही, पाहुण्यासाठीही नाही.

सुरुवातीच्या प्रयोगांबद्दल न विचारलेलं बरं. पाण्यात शिजवलेली वांगी पाण्यासारखीच लागायची. खिडकीतून माझ्याकडे एक वाटी यायची आणि मी शेजारधर्म म्हणून ती संपवायचे. काकींना असा कुठलाच धर्म पाळायचा नव्हता.

एका सकाळी त्या खिडकीशी येऊन बसल्या. डोळे अजून झोपेतच होते. "काल मी सपनात वडे खाल्ले वो पोरी," त्या मला म्हणाल्या. "गरमागरम. बोटायले तेल लागलं होतं. जाग आली त बोटं चाटून राहिली होती मी."

मागे काकाजी कांदा चिरत होते. सुरी थांबली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न ठरून गेला, "काल सपनात काय खाल्लं?" काकी जे सांगतील ते त्या दिवशी शिजायचं. अर्थात बिनतेलाचं. वडे आधी वाफवून मग तव्यावर कोरडेच खरपूस केले. भरली वांगी निखाऱ्यावर भाजून त्यात जवसाची चटणी भरली. काकी चार घास घ्यायच्या. "सपनातले बरे होते," हा शेरा ठरलेला. पण चार घास तर जात होते.

थंडीत बोडीवरचं, म्हणजे गावच्या लहान तळ्यावरचं, धुकं बोळीत उतरायचं. समोरची खिडकी दिसेनाशी व्हायची आणि नुसते आवाज यायचे. काकी स्वप्न सांगायच्या, सावकाश, एकेका पदार्थाशी थांबत, आणि काकाजी मधूनच विचारायचे, "त्यात गूर होता का साखर?" "पानावर वाढलं का ताटात?" मला वाटायचं, आपण अजून उठलोच नाही, हे सगळं झोपेतच ऐकतोय. त्या चहाला जी चव होती ती मला पुन्हा मिळाली नाही.

ती पळीही अशाच एका सकाळी आली. काकी म्हणाल्या, "घरात फोडनीचा आवाजच नाही जी. घर मेल्यावानी वाटते." मिलमध्ये जन्म काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही. तेलाशिवाय हा आवाज कसा काढायचा, यावर ते दोन दिवस विचार करत होते. मग बाजारातून जाड लोखंडाची पळी आणली, विस्तवावर धरली, बोट वर केलं आणि म्हणाले, "आयका." त्या दिवशी काकींनी वाटीभर वरण खाल्लं. खिडकीतून बघताना मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

पुढे रायपूरच्या लेकीनं ओव्हन पाठवला. काकींच्या स्वप्नात नातीच्या वाढदिवसाचा केक आला होता. काकाजींनी दुधाऐवजी पाणी, लोण्याऐवजी कुस्करलेली केळी आणि अंड्याऐवजी भिजवलेला जवस घेतला, भांडं आत ठेवलं आणि समोर पाट टाकून बसले. ओव्हन गप्प. ज्याचा आवाज येत नाही ते यंत्र चालू आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. दार उघडून आत कान द्यायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. केक फुगला आणि बसला, फुगला आणि बसला. शेवटी बाहेर आली ती वीट. काकी इतक्या हसल्या, की त्यांना धाप लागली. काकाजी घाबरून पाणी घेऊन धावले, आणि मग तेही हसत सुटले.

ती वीट बरेच दिवस मागच्या दाराला टेकण म्हणून होती. बोळीतला कुत्रा यायचा, हुंगायचा आणि मान वळवून निघून जायचा.

मग आलं पानग्यांचं स्वप्न. काकींचं माहेर सालेकशाकडचं. लहानपणी शेतावर पळसाच्या पानात पीठ थापून निखाऱ्यात भाजायचे, ते पानगे. "माय भाजून राहिली होती," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, माय, तूप दे. ते म्हणे, इथी कुठचं तूप वो?"

जी वस्तू मुळातच बिनतुपाची, ती इतके दिवस काकाजींना सुचली नव्हती. त्यांनी सालेकशाहून मोहफुलं मागवली, भिजवून वाटली, तांदळाच्या पिठात कालवली आणि पळसाच्या पानांत गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवली. थोड्या वेळानं पानं सुकून आत तडतडू लागली. काकाजींनी बोट वर केलं. ओव्हन बोलत होता. या वेळी त्यांनी एकदाही दार उघडलं नाही.

मोहाचा तो गोड, जड वास बोळीत भरून राहिला. काकींनी पान सोललं आणि पानगा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग ताटाकडे बघतच म्हणाल्या, "अजून आहे का जी?" काकाजींनी माझ्याकडे बघितलं. परीक्षेत पास झालेली मुलं मी दरवर्षी बघते. तसा चेहरा त्यातल्या कुणाचाही नव्हता.

"सपनातले बरे होते," हा शेरा त्या दिवशी आला नाही.

त्यानंतर काकींचे भाऊ चिचगडहून आले होते. जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, "काऊन जी भाऊजी, घरातलं तेल सरलं का?" आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात तेल-तूप कमी वाढणं म्हणजे त्याचा पाणउताराच. काकाजींनी मान खाली घातली. बोलल्या त्या काकी, "गुमान खाय. सवाद आहे त्यात." इतकी वर्षं तर्रीवर नाव कमावलेली बाई बोलत होती. भाऊ मुकाट्यानं जेवले आणि त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

आम्हा सगळ्यांचं लक्ष काकींच्या छातीकडे होतं. काकाजींकडे कुणाचंच नव्हतं. गेल्या माघात, कणीक भिजवून ठेवून ते जरा पडतो म्हणाले, आणि पुन्हा उठले नाहीत. ज्यांना काही झालेलं नव्हतं तेच गेले.

तेरवीला रीतीप्रमाणे वडे तळले. अंगणात मोठी कढई लागली. किती दिवसांनी त्या घरात तेलाचा वास सुटला होता! काकींच्या पुढे ताट आलं. त्यांनी वड्याला हात लावला नाही, भातालाही नाही. पुढचे दिवस तसेच गेले. लेक येऊन राहिली, आग्रह करून थकली. मी डबे दिले, ते बहुतेक भरलेलेच परत आले. बांगड्या पुन्हा कोपराकडे घसरू लागल्या. त्या खिडकीतून कुठलाच आवाज येईना, आणि मला माझा चहा गोड लागेना.

शेवटी एका सकाळी मी धीर केला. लेक झोपली होती, काकी खिडकीशी नुसत्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकी, काल सपनात काय खाल्लं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आपण मोठी चूक केली. पण त्या म्हणाल्या, "वडे."

"मग?"

"त्यायनंच वाढले. तोंडात घातला त काय सांगू पोरी, तेलच नाही! इतके वर्स सपनात तरी तेल भेटत होतं. आता थितंही नाही. सपनातही तेल टाकू नाही देत हा मानूस."

आणि त्या हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, मीही माझे पुसले. मग उठून आत गेल्या. भांडी सरकल्याचे आवाज आले, फडताळं उघडली, मिटली. थोड्या वेळानं पुन्हा खिडकीत आल्या.

"त्यायनं ते पळी कुठी ठेवली होती वो? तुले मालूम आहे का?"

मला माहीत होतं. दाराच्या मागच्या खिळ्याला. मी बोटानं दाखवलं, आणि चहा बाजूला ठेवून ऐकत उभी राहिले.