एंटरला कुंकू

आता कुठून सुरुवात करू, तुम्हीच सांगा! हसाल तुम्ही, खुशाल हसा. मीही हसते आता, पण पदर डोळ्यांशी धरून. चहा मात्र आधी संपवा. माझं शहाणपण ऐकता ऐकता तो गार व्हायचा.

तर आमच्या घरात एक लॅपटॉप आहे. यांचा. हे प्राथमिक शाळेत गुरुजी होते. गेल्या वर्षी पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेले. मागे राहिली खुंटीवरची खंजिरी, दाराशी चपला आणि हा काळा, जड, बिजागरी सैल झालेला लॅपटॉप. यांना भजनाचा भारी नाद. फोन साधाच, बटनांचा. म्हणून संध्याकाळी लॅपटॉपपुढे मांडी घालून बसायचे, भजन म्हणायचे आणि त्यातच आवाज भरून ठेवायचे. मी चिडवायची, "गावाले ऐकवून जीव नाई भरला का जी?"

आज यांचा आवाज जगात तेवढ्या एका डब्यात उरलाय.

आणि तो डबाही म्हातारा झालेला! चालू करून मी वरणाला फोडणी घालून यायची, तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं सुरूच. शेवटी शेवटी तर यांच्या भजनांपर्यंत पोचायच्या आधीच तो बंद पडायचा.

माझी लेक पल्लवी नागपूरला शिकते, होस्टेलात राहते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आई, याच्यातली जुनी विंडोज काढून हलकं लिनक्स टाकू. म्हाताऱ्या माणसाले पुरणपोळी पचत नाई ना, त्याले पेज द्या लागते. तसंच समज."

हे मात्र मला लगेच पटलं. पेज मला कळते.

तिनं पेन ड्राइव्ह लावून ते लिनक्स घातलं, यांच्या फायली त्यातच एका बाजूला जपून ठेवल्या, माझ्यासाठी सगळं मराठीत करून दिलं. आणि काय सांगू, लॅपटॉप चटकन उठून बसला! यांच्या भजनांची नावं ओळीनं दिसली. फक्त आवाज येईना. तेवढ्यात तिची बस यायची वेळ झाली.

"आवाजाचं मी तिकडून फोनवर सांगीन, तू करशीन," ती म्हणाली. "हे पाह्य, हे मोठं बटन एंटर. सगळ्यात महत्त्वाचं. काई बी कर, शेवटी यालेच दाबा लागते. आनं बाबाच्या फायली पुढच्या खेपेले दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊ."

सगळ्यात महत्त्वाचं! हा शब्द माझ्या मनात बसला. पंगतीत मुख्य पाहुण्याला आधी वाढतात की नाही?

सोमवार उजाडला. आमच्या गावात, म्हणजे मूल गावाच्या पुढं जंगलाच्या कडेला, फोनला रेंज मिळते ती एकाच जागी, अंगणात तुळशीपाशी. म्हणून पाट मांडला, पाटावर धुतलेलं कापड, कापडावर लॅपटॉप. समोर तांब्याला टेकवून माझा कॅमेऱ्याचा फोन उभा केला. एवढं मांडल्यावर बाईचा हात गप्प बसतो का? दसऱ्याला आपण विळा पूजतो, नांगर पूजतो, शिलाई मशीनसुद्धा पूजतो. याला तर नवा जन्म मिळालेला. झाकणाला हळदकुंकू वाहिलं. मग झाकण उघडून, ओलं बोट करून, त्या मुख्य एंटरला ठसठशीत कुंकू लावलं. वर चिमूटभर अक्षता. नमस्कार केला आणि मगच पल्लवीला व्हिडिओ कॉल लावला.

लॅपटॉप सुरू केला. "टीं टीं टीं टीं!"

"आई, काऊन ओरडून राह्यला तो?"

"मले काय माहीत? थंडी वाजत असन."

पडद्यावर पासवर्डचा रकाना आला. मी अजून चष्मा लावत होते, तोवर खाली अक्षरं उमटली. 'पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.' आणि लगेच पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"आई, तू काय टाकलं?"

"मी काईच नाई टाकलं व!" ती पासवर्डचंच विचारत होती ना, अक्षतांचं कुठं!

"एखादं बटन दाबून राह्यली का?"

"बोट बी नाई लावलं."

"मग आपोआप कसं होईन, आई!"

फोनमधून तिला फक्त पडदा दिसत होता हो. खालचं देवघर तिला कुठून दिसणार?

तुम्हाला खरं सांगते, ते 'चुकीचा आहे, पुन्हा प्रयत्न करा' मी दोनदा वाचलं. वर्षभर माझं तेच तर चाललं होतं. सकाळी दोन कप चहा मांडायचा आणि मग एक उचलून ठेवायचा.

पल्लवी म्हणाली, "मी ठेवून आली तो पेन ड्राइव्ह लाव. चालू करताना वरचं एफ बारा दाब. यादी येईन, त्याच्यातून पेन ड्राइव्ह निवड." मी म्हटलं, नवीन प्रयत्न आहे, रिकाम्या हातानं नको. एंटरला पुन्हा कुंकू, पुन्हा अक्षता. यादी आली. पण मी खाली सरकायच्या आत त्यानं आपल्या मनानं पहिलंच नाव निवडलं, आणि पुन्हा आपलं टीं टीं, चुकीचा आहे, पुन्हा प्रयत्न करा!

तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई धान कापून परत येत होत्या. वाघाच्या भीतीनं आमच्याकडे ऊन कलायच्या आत बायका शेतातून परततात. कुंपणापाशी थांबल्या, विळा खाली ठेवला आणि हात जोडले.

"कोणता देव बसवला व सुनंदा?"

"देव नाई, लॅपटॉप होय."

"माय माय! अंगात आलं का त्याच्या? घुमून राह्यला ना!"

मला हसू येईना. मी सोमवार धरला. ज्या दिवशी फोन व्हायचा त्या दिवशी आधी पूजा, मग बटन. लॅपटॉप जितका बिघडायचा तितकी माझी भक्ती वाढायची, आणि भक्ती वाढली की अक्षताही वाढायच्या. देवापाशी कंजूषी करायची नाही, असं आईनं शिकवलेलं. तिला तरी काय ठाऊक, लेक कोणत्या देवापुढं बसणार आहे ते!

मग एका दुपारी पल्लवीचा आवाज एकदम हळू झाला.

"आई, मले वाटते त्याची डिस्कच गेली. मी येते. नाईच जमलं तं सगळं पुसून नव्यानं टाका लागन."

"पुसून म्हणजे?"

"पुसून म्हणजे पुसून."

"तुया बाबाचं बी?"

फोनमध्ये नागपूरच्या गाड्यांचे आवाज येत राहिले. माणूस एकदा जातो ते समजू शकते मी. पण तो डब्यातूनही जाणार? मी मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलले, 'यांचा आवाज वाचव, अनवाणी येईन.' त्या दिवशी तांदळाच्या डब्यात हात घातला तो मूठभरूनच बाहेर आला. सगळी मूठ वाहिली.

पल्लवी शनिवारी आली. जेवलीसुद्धा नाही. अंगणात पाटासमोर बसली, पिशवीतून दुसरा पेन ड्राइव्ह काढला. तोंड एवढंसं. वच्छलाबाईही येऊन कट्ट्यावर टेकल्या. मयताला येतात तशा, न बोलता.

पल्लवी झाकणाला हात लावणार तोच मी म्हटलं, "थांब माय. शेवटची पूजा करून घेऊ दे."

ताट आणलं. झाकण उघडलं, बोट ओलं केलं, एंटरला कुंकू लावलं आणि अक्षता सोडल्या.

पल्लवी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग वाकून बटनांकडे बघितलं. तिथं काळं काही शिल्लकच नव्हतं हो! सगळं लालपिवळं, जत्रेतल्या शेंदरी दगडासारखं.

"आई," ती अगदी सावकाश म्हणाली, "हे तू रोज करते?"

"रोज कुठी? फकत चालू करायच्या आधी."

"चालू करायच्या आधी!"

"हाव. तूच तं म्हणली, एंटर सगळ्यात महत्त्वाचा."

तिनं लॅपटॉप उचलला, पाटावर उलटा धरला आणि पाठीवर थोपटलं, लहान लेकराला ठसका लागल्यावर थोपटतात तसं. आणि भुरूभुरू तांदूळ पडायला लागले! इकडून, तिकडून, फटीफटीतून. कोंबड्या धावत आल्या.

वच्छलाबाईंना आता राहवेना. "अव, एका माणसाची खिचडी होते ना इतक्यात! लिनक्सले पेज पाहिजे म्हणे, तं हिनं तांदूळच भरून ठेवले!"

पल्लवीनं माझ्या केसांतली पिन घेतली आणि एंटर हळूच उचकटला. खाली कुंकवाच्या चिखलात तांदळाचे दाणे पक्के बसलेले. बटन दाबलेलंच राहिलं होतं. ओरडत होता तो त्यासाठी, आणि मी न लिहिता पासवर्ड चुकत होता तोही त्यामुळंच. डिस्कला काही झालं नव्हतं, लिनक्सला काही झालं नव्हतं. जे काही झालं होतं ते सुनंदाबाईला झालं होतं!

तिनं कापसानं बटन पुसलं, बसवलं, चालू केलं. टीं नाही न टां नाही. पासवर्डचा रकाना आला आणि शांत उभा राहिला, वाट बघत. तिनं बाबांचं नाव लिहिलं. उघडला!

आवाजाचं तर काहीच नव्हतं. पडद्यावर कोपऱ्यात कर्ण्याच्या चित्रावर फुली होती, ती तिनं काढली. "बंदच होता व आवाज, घाईत मीच पाह्यलं नाई," ती म्हणाली. चला, तेवढं तरी माझ्याकडून झालं नव्हतं.

"कोणतं लावू? हे पाह्य, दसऱ्याचं आहे."

"लाव."

मी उभी होते. आनंदानं माझा हात ताटाकडे कधी गेला ते मलाच कळलं नाही. देवानं एवढं ऐकलं, त्याला काही वाहायला नको? मूठ भरली. आधी खंजिरीची थाप आली. मग ते घसा साफ करतात तसं खाकरले. सव्वा वर्षानं ऐकत होते. तुळस, अंगण, पल्लवी, सगळं पाण्यातून दिसावं तसं हलायला लागलं. भजनाची पहिली ओळ आली, दुसरी आली. मी डोळे मिटून, मूठ लॅपटॉपवर धरून अक्षता सोडायच्या बेतात.

आणि मध्येच बांगड्या वाजल्या. माझ्या नाही, डब्यातल्या. भजन थांबलं. यांचा आवाज, जवळून, अगदी कानाशी:

"अव सुनंदा, नोको टाकू व अक्षता त्याच्यावर! बटनं जाम होतेत. किती डाव सांगू तुले?"

माझी मूठ हवेतच राहिली.

"बरं जी," माझ्या तोंडून आपसूक निघालं. "नाई टाकत."

आणि त्याच क्षणी, लॅपटॉपमधूनही माझाच आवाज आला, गोड, नम्र, ताट हातात घेतलेल्या बाईचा:

"बरं जी. नाई टाकत."

किती खोटारडी ही बाई!