मुंगी मेली, उठ

"पाय वाचवायचा असेल तर आत्ता कापावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या जर्मनमध्ये बोलत होत्या आणि त्यातला 'कापणे' हा शब्द मला भाजी चिरण्यापुरताच माहीत होता. मला वाटलं, पायच कापणार. मी त्यांच्या कोटाची बाही धरली आणि वॉर्डाच्या दारात ओरडले, "कुठून कापणार? कुठून?" त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि इंग्रजीत सांगितलं, "पाय नाही. पायाची कातडी आणि आतलं आवरण. हा अक्यूट कम्पार्टमेंट सिंड्रोम आहे."

कम्पार्टमेंट म्हणजे कप्पा. गुडघ्याखाली आपले स्नायू चार कप्प्यांत बांधलेले असतात आणि त्यांच्यावरचं आवरण जराही ताणत नाही. हाड मोडलं की आत रक्त साचतं, स्नायू सुजतात, पण फुगायला जागाच नसते. शिट्टी अडकलेला कुकर जसा, तसं. मग रक्त पुढे जात नाही आणि काही तासांत स्नायू आतल्या आत मरायला लागतात. आवरण उभं चिरून वाफ सोडायची, हाच उपाय. त्याला फॅशिओटॉमी म्हणतात.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या शनिवारी दुपारी मला एवढंच कळलं होतं की पलंगावरची अठरा वर्षांची पोर गुरासारखी ओरडते आहे, आणि ती कधीच ओरडत नसे.

तिचं नाव ताईस. ब्राझीलची जिम्नॅस्ट. हायडेलबर्गजवळच्या आमच्या गावातल्या क्लबने तिला एका हंगामासाठी लीगमध्ये खेळायला आणलं होतं. इथे चांगले गुण मिळाले तर तिकडच्या राष्ट्रीय संघाच्या निवडीला बोलावणं येईल, या आशेवर ती आली होती. माझी नऊ वर्षांची सई त्याच क्लबात जाते. क्लबने पालकांना विचारलं, कुणाकडे खोली आहे का? आमच्याकडे वरची खोली रिकामी होती. सईने पहिल्याच दिवशी तिच्या नावातला स गाळून टाकला आणि ती आमच्या घरची ताई झाली. मला ती तिया म्हणायची, म्हणजे मावशी. बाकी आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं.

आली त्याच दिवशी बॅग ओढताना ती जिन्यावरून घसरली. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "काही नाही झालं, मुंगी मेली!" आणि मी पायरीला दोन चापट्याही मारल्या. तिने विचारलं, हे काय? मी सांगितलं की आमच्याकडे पोर पडलं की असं म्हणतात. मेलेली मुंगी बघायच्या नादात पोर रडणं विसरतं. ती हसून हसून पायरीवरच बसली. आठवड्याभरात तो शब्द क्लबात पोचला. कुणी पडलं की सगळ्या पोरी एकसुरात ओरडायच्या, "मुंगी मेली!" ट्रेनरही ओरडायचा. मला काय अभिमान! जर्मनीत मराठी पसरवली म्हणून भारतातल्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवला होता मी.

हा खेळ टीव्हीवर सुंदर दिसतो. जवळून बघितला तर ती मारहाणच आहे, फक्त मारणारा आणि मार खाणारा एकच. ताईसच्या तळहातांची कातडी सोलून निघायची, सुटलेला तुकडा कात्रीने कापून ती पुन्हा दांडीला लोंबकळायची. लहानपणी पाय ताणायला तिच्या पाठीवर मोठी माणसं बसायची, हे तिने मला पोळी खाताखाता सांगितलं होतं, शाळेच्या डब्याबद्दल सांगावं तसं.

त्या शनिवारी मी सईला घेऊन हॉलमध्ये बसले होते. ताईस वरखाली असलेल्या दोन दांड्यांवर सराव करत होती. वरच्या दांडीवरून पूर्ण वेगात खाली आली आणि तिची नडगी खालच्या दांडीवर आपटली. गुऱ्हाळात ऊस मोडावा तसा आवाज झाला. ती गादीवर पडली तेव्हा पाऊल भलत्याच दिशेला बघत होतं. ती ओरडली नाही. तिने स्वतःचा हात चावला, इतका की दातांच्या खुणांतून रक्त आलं.

मी धावत गेले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि काय म्हणाले? "काही नाही, काही नाही, मुंगी मेली."

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे झाला. नडगीचं हाड, ज्याला टिबिया म्हणतात, मोडलं होतं. कातडी फाटली नव्हती. पायाला आधाराची पट्टी बांधली, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. एक वाजता आम्हाला वॉर्डात खोली मिळाली. ट्रेनर सईला शेजाऱ्यांकडे सोडायला गेला. माझा नवरा तेव्हा म्युनिकला कामावर होता.

तुम्ही कोण, असं विचारलं तेव्हा मी बिनदिक्कत सांगितलं, मावशी.

तीन वाजता सिस्टर आली. इथे दर थोड्या वेळाने विचारतात, शून्य ते दहा, किती दुखतंय? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. ताईसचं जर्मन बेताचंच. तिने दात आवळले, माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "मुंगी मेली."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी कौतुकाने म्हटलं, "त्स्वाय." म्हणजे दोन. वर पुस्ती जोडली, "जिम्नॅस्ट आहे ना, फार सोशिक."

सिस्टरने दोन लिहिलं आणि ती गेली.

पुढचं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले आहेत. मी तिच्यासाठी आकडा सांगितला. ती घामाने भिजलेली होती, उशीचं टोक तोंडात धरून होती, आणि मी शेजारी बसून क्लबच्या ग्रुपवर मेसेज टाकत होते की आमची वाघीण मजेत आहे.

चारच्या सुमारास ती पुन्हा म्हणाली, "तिया, मुंगी." मी मान वर न करता म्हटलं, "हो गं, मेली." ती म्हणाली, "नो. नॉट मेली. मुंगी, मुंगी, मुंगी." आणि बोटं नाचवत आपल्या पावलाकडे दाखवायला लागली. मग तिच्या भाषेतला शब्द आला, "फोर्मिगा."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. पायाला मुंग्या येत होत्या! आपण म्हणतो तेच ती पोर्तुगीजमध्ये म्हणत होती. तिला तेवढा एकच मराठी शब्द येत होता आणि तिने तोच वापरला होता. मी पांघरूण काढलं. अंगठ्याच्या बेचकीत नख टोचलं. तिला कळलंच नाही.

मी कॉरिडॉरमध्ये पळाले. सिस्टरला म्हटलं, तिच्या पायात मुंग्या आहेत. तिने आधी जमिनीकडे बघितलं. मग तिचा चेहरा बदलला. "अमायझेनलाउफेन?" मुंग्या धावणं. जर्मनमध्येही मुंग्याच! "गेनाऊ!" बरोबर, तेच! मी ओरडले. "गेनाऊ, गेनाऊ!"

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पोटरी दाबली, ती दगड झाली होती. मग त्यांनी ताईसचा अंगठा हलकेच वर ओढला आणि ताईस ओरडली. आयुष्यभर गिळलेलं सगळं एकदम बाहेर आल्यासारखं ओरडली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी बेल वाजवली. बाईंनी पट्टी कात्रीने टराटरा कापली, स्नायूत सुई घालून आतला दाब मोजला आणि मग दारात येऊन मला ते वाक्य सांगितलं.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही ताईसने स्वतः केली. अक्षर कागदाबाहेर गेलं होतं.

दोन दिवसांनी पट्टी बदलताना मी पाय बघितला. दोन्ही बाजूंना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उभ्या चिरा, उघड्या, आणि त्यांतून लाल मांस बाहेर आलेलं. या जखमा लगेच शिवत नाहीत, सूज उतरेपर्यंत उघड्या ठेवतात आणि वर एक छोटा पंप लावून त्यातलं पाणी ओढून घेतात. पंप दिवसरात्र गुरगुरत होता. अंगठा वर उचलता येत नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नस दबली होती. परत येईल की नाही, आज सांगता येणार नाही." अंगठा आला नाही तर चालताना पाऊल लोंबेल. जिम्नॅस्टिक्सचा तर प्रश्नच नाही.

त्याच दिवशी ट्रेनर आला. हातात पोरींनी रंगवलेलं मोठं कार्ड, त्यावर ठळक अक्षरांत: मुंगी मेली! "सहा आठवड्यांत बारवर," तो ताईसला म्हणाला, म्हणजे पुन्हा दांडीवर.

माझं टाळकं फिरलं. मी कार्ड ओढून घेतलं, फाडलं, त्याचे तुकडे त्याच्या छातीवर फेकले. जर्मन सुचेना, मराठीतच सुटले. "नालायका, मुडद्या, पोरगी फाडून ठेवलीये आणि तुला बार सुचतोय? तुझी नडगी आण इकडे, मी हाणते, मग म्हण मुंगी मेली!" कोपऱ्यातली कुबडी माझ्या हातात कधी आली, मला खरंच आठवत नाही. सिस्टरने ती काढून घेतली.

तो माणूस पांढराफटक पडला होता. पण त्याने सावकाश वाकून तुकडे गोळा केले आणि म्हणाला, "हे बघा... तुम्ही रागावणं बरोबर आहे. पण हा शब्द आम्हाला तुमच्या घरातून आला."

तो गेल्यावर मी पलंगाच्या कडेवर बसले आणि ताईसला सगळं सांगितलं. दोन हा आकडा माझा होता, असं सांगितलं. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने फिरवायला हवं होतं.

ती म्हणाली, "तिया, मीही दोनच सांगितलं असतं. आमच्या जिममध्ये तीनच्या वर कुणी सांगत नाही. चार सांगणारी कायमची घरी जाते."

मग मी डॉक्टरबाईंकडेही कबुली दिली. त्या म्हणाल्या, "तीन वाजता तुम्ही चुकलात. चार वाजता धावत आलात. सहा वाजता आला असतात, तर मी दुसरं काहीतरी कापलं असतं." त्यांनी चूक पुसून टाकली नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

चार ऑपरेशनं झाली. शेवटच्यात मांडीची कातडी काढून पोटरीवर लावली. सई रोज शाळेतून आली की जर्मनमध्ये एकच प्रश्न विचारायची, अंगठा हलला का? तेविसाव्या दिवशी तो हलला. तांदळाच्या दाण्याएवढा. फिजिओथेरपिस्टने, मी आणि ताईसने, तिघींनीही आधी एकमेकींकडे बघून खात्री करून घेतली आणि मग मी अशी बोंब मारली की वॉर्डातून लोक बाहेर आले.

तुमच्या घरी कुणाचं हाड मोडलं, प्लास्टर चढलं, आणि औषध घेऊनही दुखणं वाढतच गेलं, मुंग्या आल्या, बोटं हलवली की जीव जायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दाखवा. आणि रोग्याच्या वतीने आकडा सांगू नका. सोशिक हे माणसाचं कौतुक नाही, निदान हॉस्पिटलात तरी नाही. तिथे ते खोटं बोलणं असतं.

ताईस आठ महिन्यांनी ब्राझीलला परत गेली. यंदाची संघाची निवड हुकली. आता ती पुन्हा सराव करते, पाय थोडा बारीक राहिला आहे. सई घरात पडली की माझी जीभ अजून वळवळते. मी ती चावते आणि विचारते, किती? ती तोऱ्यात सांगते, "झीबेन!" सात. मग आम्ही दोघी सात या आकड्याचा यथायोग्य मान ठेवतो.

गेल्या आठवड्यात ताईसचा व्हॉइस मेसेज आला. मागे जिमचा गोंगाट, कुणीतरी पुरुष मोठ्याने काहीतरी ओरडतोय. ती धापा टाकत होती.

"तिया, आज सहा. मी ट्रेनरला सांगितलं, सहा. तो ओरडला. मी उतरले." आणि मग तिचं ते मोडकं मराठी: "मुंगी नाय मेली."