हत्तीची विचारपूस

आमची वहिनी पालीला घाबरते. झुरळाचं तर विचारूच नका. झुरळ दिसलं की ती आधी स्टुलावर चढते आणि मग किंचाळते. आणि ही बाई बालवाडीतल्या पोरांना सगळं शिकवते कशातून, तर प्राणिसंग्रहालयातून!

मी तिची नणंद. त्याच शाळेच्या ऑफिसात बसते. मधे एक पातळ फळी, त्यामुळे तिचा वर्ग मला रोज फुकट ऐकायला मिळतो. पँट चढवताना बगळ्यासारखं एका पायावर उभं राहायचं. स्वेटरातून कासवासारखं डोकं काढायचं. दात घासताना पाणघोड्यासारखा आ करायचा, घास उंटासारखा निवांत चावायचा आणि रांगेत हत्तीसारखं एकामागोमाग चालायचं. इथवर ठीक होतं. पण पोरं ऐकेनाशी झाली की वहिनीच्या जिभेला हाड राहत नाही.

"काल मला हत्तीचा फोन आला होता. विचारत होता, हात न धुता जेवायला कोण बसलं?"

झालं, वर्ग चिडीचूप. बाईंची आणि हत्तीची घरची ओळख आहे, याबद्दल एकाही पोराला शंका नव्हती.

"वहिनी, एक दिवस तोंडघशी पडशील," मी म्हटलं.

"हत्ती कशाला येतोय शाळेत?" ती म्हणाली.

हत्ती नाहीच आला. मुख्याध्यापिकाबाईंनी प्राणिसंग्रहालयाची सहल काढली.

वहिनी पांढरीफटक पडली. प्राण्यांची भीती होतीच, पण खरी धास्ती निराळी होती. बाई थापा मारतात हे एकदा पोरांना कळलं, की पुढे तिचं ऐकणार कोण? तेवढ्या एका विश्वासावर तर तिचा सगळा वर्ग हात धूत होता.

पोरं सांभाळायला जादा माणूस म्हणून मीही गेले. पाणघोड्यापुढे सगळ्या वर्गाने आ केला, तर तो पाठ फिरवून पाण्यात पडून राहिला. बगळे चांगले दोन्ही पायांवर उभे होते. उंट बकाबका खात होता. "हळू चाव रे!" पोरं त्याच्यावर ओरडली. मला हसू आवरेना, आणि वहिनीला घाम.

मग आला हत्ती. वर्गात एक चार वर्षांचा पोरगा आहे, उलटतपासणी घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. सगळी शाळा त्याला वकील म्हणते. त्याने वहिनीकडे मान वर करून पाहिलं.

"बाई, हाक मारा ना. तुमच्या ओळखीचा आहे ना?"

वहिनी माझ्या पाठीमागे, माझा दंड घट्ट धरून. तिथूनच चिरक्या आवाजात म्हणाली, "अहो..."

अहो! आमच्या दादालासुद्धा ती इतक्या अदबीने हाक मारत नाही. हत्तीने सावकाश वळून आम्हाला पार्श्वभाग दाखवला आणि नुकत्याच धुतलेल्या अंगावर सोंडेने माती उडवली.

"त्याने ओळखलंच नाही," वकील म्हणाला.

परतताना बसमध्ये वहिनीने डबा उघडला नाही. 'सांगितलं होतं ना' हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं, पण तिचं तोंड बघून मलाच भरून आलं. मी गप्प बसले. असं क्वचितच होतं.

दुसऱ्या दिवशी मी काम सोडून फळीला कान लावला. वर्गात ना हत्ती, ना उंट. वहिनी पडेल आवाजात सगळ्यांना नुसतं "बसा" म्हणाली. तेवढ्यात वकिलाचा आवाज आला.

"बाई, काल हत्तीचा फोन आला होता."

"कोणाला?"

"मला. आमच्या घरी. सॉरी म्हणाला. एवढी माणसं बघून तो लाजला होता."

"हो का?"

"हो. आणि विचारत होता, बाईंनी काल डबा का नाही खाल्ला?"

मग वहिनीने जोरात नाक ओढलं, आणि पाठोपाठ डब्याचं झाकण वाजलं.

"बाई," वकील म्हणाला, "आधी हात."