छापायचं नाही, एवढंच ठरलं होतं

"आ करा," हा आमच्या डॉक्टरांचा नमस्कार होता. चांद्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले त्या दिवशी मी हात जोडले, तर त्यांनी खिशातून टॉर्च काढून माझ्याच तोंडात प्रकाश टाकला. ठीक आहे म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. मी चांगलीच तापले. पुढे कळलं, स्टेशनमास्तर, तहसीलदार, कुणीच सुटलेलं नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर अक्षता पडायच्या आधी त्यांनी निम्म्या वऱ्हाडाचे जबडे तपासले होते म्हणे. असा व्याही तुमच्या नशिबी आला असता तर काय केलं असतंत?

त्यांना ध्यास एकच, तोंडाचा कॅन्सर. आमच्या भागात पुरुष काय नि बाया काय, गालात तंबाखू-चुना धरल्याशिवाय कुणाचा दिवस सुरू होत नसे. त्या तंबाखूनं तोंडात चट्टा कसा उठतो, त्याची गाठ कशी होते, हे गावोगाव पाहून त्यांना जगापुढे मांडायचं होतं.

गंमत अशी की त्यासाठी आधी तंबाखूच घ्यावी लागे. भामरागडच्या बाजूला आम्ही ज्या गावांत जायचो, तिथे पाहुण्याच्या हातावर पहिल्यांदा तंबाखू पडायची, मग बोलणं. नको म्हटलं की कामच संपलं. आणि एकदा घेतली की त्या घराला कुठेही नावं ठेवायची नाहीत, असा नेम. डॉक्टर आदरानं घ्यायचे आणि हळूच कोटाच्या खिशात सारायचे. दौरा संपला की त्यांचा धोबी भलता खूश असायचा.

अडचण होती ती एका यंत्राची. गाठीचा तुकडा काढला तरी त्याचे पातळ काप करून तपासायची सोय चांद्याला नव्हती. तुकडा बाटलीत घालून नागपूरला पाठवायचा नि वाट बघत बसायचं. सिंदेवाहीच्या एका गुरुजींचं उत्तर त्यांची तेरवी झाल्यावर आलं.

म्हणून त्यांनी यंत्रासाठी आणि अभ्यासासाठी सरकारी अनुदान मागितलं. अर्ज नागपूरला गेला, तेव्हा आमची राजधानी तीच. तो तिथे छान मुरला आणि तेवढ्यात छप्पन साली राज्यंच बदलली. आम्ही मुंबई राज्यात आलो, अर्ज गेला भोपाळला. भोपाळ म्हणे, तुम्ही आता आमचे नाही. मुंबई म्हणे, मूळ अर्ज दाखवा. डॉक्टर पोट धरून हसले.

"अर्ज भोपाळले घरजावई झाला, बाई. आता येत नाई तो."

मग एका बिडी कंपनीचा माणूस आला. यंत्र आम्ही देतो म्हणाला. अट एवढीच, तंबाखूबद्दल कंपनीला विचारल्याशिवाय काही छापायचं नाही. मला वाटलं, डॉक्टर त्याला आ करायला लावून तसाच हाकलतील. तर हे सरळ हो म्हणाले!

मी तोंडाला येईल ते बोलले. एवढी जंगलं तुडवली ती कशाला, असंही विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माह्या नावाचा कागद निघाला नाई तर मी मरत नाई," ते म्हणाले. "उत्तर उशिरा आलं तर समोरचा मरते."

मी म्हटलं, आणि खरं काय ते लोकांना कोण सांगणार?

"छापत नाई म्हटलं मी. बोलत नाई म्हटलं काय?"

आणि बोललेच ते. कंपनीच्या यंत्रावर काप करायचे आणि त्याच टेबलाशी बसून एकेकाला तंबाखू सोडायला सांगायचे. छापलं मात्र एक अक्षर नाही. तंबाखू घेतली काय नि यंत्र घेतलं काय, घेतल्याचा नेम पाळायचा म्हणजे पाळायचा. नागपूरला डॉक्टरांच्या एका सभेत दुसऱ्याच कुणी हाच विषय मांडला, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या आमच्या डॉक्टरांनी वाजवल्या. माझा जीव जळला. खरं सांगते, अजूनही जळतो.

यंत्र आलं त्याच पावसाळ्यात आरमोरीची एक बाई गालात गाठ घेऊन आली. भाताच्या रोवणीचे दिवस, ती थांबायला तयार नव्हती. डॉक्टरांनी तिला दटावून ठेवून घेतलं आणि त्याच आठवड्यात उत्तर तिच्या हातात दिलं. नागपूरला ऑपरेशन झालं. एक गाल आत गेला, पण बाई जगली. मग दरवर्षी नवे तांदूळ घेऊन यायची, आणि एवढं ओझं काऊन आणलं म्हणून डॉक्टरांची बोलणी खायची.

डॉक्टर गेले ते झोपेतच. दवाखान्याच्या आवारात शोकसभा झाली, तिला ती बाई आली आणि सतरंजीवर माझ्याजवळ बसली. नागपूरहून एक मोठे डॉक्टर बोलायला आले होते. माणूस देवासारखा होता, हुशारही होता, असं ते म्हणाले. फक्त संशोधन त्यांच्या हातून काही झालं नाही, याची खंत वाटते म्हणाले.

बाईनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"संशोधन म्हंजे काय असते, बाई?"

मी तिचा हात धरला आणि तिच्याच आत गेलेल्या गालावर टेकवला.