सातव्या चित्रातले पाय

माझं काम काय आहे ते मी नातेवाइकांना नीट सांगत नाही. ‘कॉम्प्युटरवर असतं,’ एवढं म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात. खरं म्हणजे मुंबईची एक छोटी खेळण्यांची कंपनी मला कुरिअरने नमुने पाठवते आणि बिरवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी ते तपासते. कडा बोचतात का, रंग नखाने निघतो का, टेबलावरून पाडल्यावर काय होतं, सोबतचा कागद बघून मुलाला खेळणं जमेल का. मग इंग्रजीत अहवाल. कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला हे काम हवं होतं. पण ते अजून पक्कं झालेलं नव्हतं. शेवटचा नमुना म्हणून एक पिवळा रोबोट आला. त्याचा अहवाल बघून मला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं.

वीतभर उंचीचा तो रोबोट दुमडला की त्याचं पोकलेन व्हायचं. दोन हात जुळून माती उचलणारी बकेट, छातीची केबिन, पायांच्या चेन. कागदावर बारा चित्रं होती. मी घड्याळ लावून तो चौदा वेळा दुमडला. दर वेळी सातव्या चित्रापाशी डावा पाय अडायचा. जोर लावून बसवलाच, तर बकेट हलवताना टुणकन बाहेर यायचा. मी लिहिलं: सांधा ढिला, मुलांना जमणार नाही, विक्रीला नको. वाक्यं चांगली उतरली होती. इंग्रजीत मी जरा धीट असते.

त्या सोमवारी पप्पांची सुट्टी होती. माझे पप्पा पोकलेन चालवतात, सध्या पोलादपूरच्या वर घाटातल्या रस्त्यावर. इतकं असून खेळणं त्यांना दाखवावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. शाळेत असताना फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘कन्स्ट्रक्शन’ एवढंच लिहायचे. ते खोटं नव्हतं. वर्गात कुणी पुढे विचारू नये एवढीच त्या शब्दाची सोय होती.

चहाचा कप ठेवायला टेबलाशी आले आणि तिथलं दुमडलेलं खेळणं बघून पप्पा थांबले.

“ही उलटी उभी हाय.”

“कोण?”

“मशीन. चेन फिरवणारं दात्यांचं चाक बघ कुठं हाय. बकेटीच्या बाजूला. ते मागं पायजे.”

“पप्पा, खेळणं आहे ते.”

“मग खेळण्यानं उलटं उभं रायचं काय?”

आतून आई ओरडली, “अवो, सुट्टीच्या दिवशी तरी मशीनवरनं खाली उतरा!”

“तू भाकऱ्या थाप गो. इथं तपासणी चाललीय.”

मग त्यांनी मला समजावलं. पोकलेनची केबिन गोल फिरते, खालच्या चेन तिच्याबरोबर फिरत नाहीत. दात्यांचं चाक केबिनच्या मागे असेल तर लिव्हर पुढे ढकलली की मशीन पुढे जातं. केबिन उलटी फिरलेली असेल तर सगळंच उलटं होतं. नवीन असताना घाटात पप्पा हे विसरले. दरीकडे तोंड करून माती टाकत होते. मागे यायला लिव्हर ओढली, आणि मशीन दरीकडे सरकलं.

“मग?”

“मग काय? बकेट खाली रोवली. म्हणून तुला आज बाप हाय.”

तेव्हापासून मशीनवर चढण्याआधी ते वाकून चाक कुठे आहे ते बघतात आणि त्यावर तळहात ठेवतात. आईला हे माहीत होतं. मला त्या दिवशी कळलं.

बोलता बोलता त्यांनी रोबोट उलगडला, दोन्ही पाय कमरेतून अर्धे फिरवले, म्हणजे दात्यांची चाकं मागे आली, आणि मग दुमडले. कट् असा आवाज झाला. मी बकेट हलवली, केबिन हलवली, टेबलावरून पाडून बघितलं. पाय जागचा हलला नाही. सांधा उत्तम होता. सातवं चित्रच उलटं काढलेलं होतं, आणि चौदा वेळा मी त्या चित्राचं ऐकत बसले होते.

अहवाल पुसून नवा लिहिला. पण पाचला व्हिडिओ कॉल होता, आणि त्यात हे तोंडाने सांगावं लागणार होतं. पप्पांनी उगाचच शर्ट बदलला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने दाराशी उभे राहिले.

“हे कसं लक्षात आलं तुझ्या?” कंपनीच्या मॅडमनी विचारलं.

‘तपासताना दिसलं,’ हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. तेही खोटं ठरलं नसतं. मी म्हणाले, “माझे वडील पोकलेन चालवतात. चूक त्यांनी पकडली.”

“घरी आहेत का ते?”

मी लॅपटॉप दाराकडे वळवला. पप्पांनी रोबोट हातात घेतला आणि एकदाही न अडता त्याचं मशीन केलं. अंगठ्याचं चिरलेलं नख, ग्रीस मुरलेल्या रेषा, आणि त्यात ते इवलंसं पिवळं प्लास्टिक. ते हात नीट दिसावेत म्हणून मी लॅपटॉप जरा पुढे सरकवला.

“काका, परत एकदा, जरा हळू करा ना.”

“हळूच केलं मॅडम. फास्ट बघायचंय का?”

मॅडम हसल्या. त्या आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र आलं, आणि कागदावरचं सातवं चित्र बदललं.

पुढे एकदा पप्पा चष्मा घरी विसरले, तो द्यायला मी पोलादपूरला गेले. स्टँडजवळच्या टपरीवर ते दोघा डंपरवाल्यांबरोबर चहा पीत होते. मला बघून म्हणाले, “ही माझी पोरगी. हिनं कंपनीला कागद बदलायला लावला.”

अनोळखी माणसांसमोर मी खाली बघते. त्या दिवशी बघितलं नाही.

“मी नाही, ह्यांनी,” मी म्हणाले. “मी खेळणं नापास करून मोकळी झाले होते. ह्यांना एका नजरेत कळलं.”

पप्पा बशीतला चहा फुंकत राहिले. चहा केव्हाच गार झाला होता. एक डंपरवाला मला म्हणाला, “झालं! आता हा आठवडाभर आमाला ऐकवणार.”

“ऐका मग,” मी म्हणाले.