मुकादमाच्या मागची हिरवी भिंत

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ नाक्यावरच्या रंगाच्या दुकानात रंग जुळवण्याचं काम करतात, म्हणून त्यांना सगळे रंगवालेच म्हणतात. कुणी दाराचा सुटलेला पोपडा आणतो, कुणी उशीचा अभ्रा. एकदा एक बाई सासूबाईंची फुटकी बशी घेऊन आल्या होत्या, "भिंत अश्शी हवी" म्हणत. रंगवाले ती वस्तू दारात उजेडाला धरतात, डोळे बारीक करतात आणि पांढऱ्याच्या डब्यात थेंब थेंब दुसरे रंग सोडून ढवळत राहतात. दुकानात आता यंत्र आलं आहे. यंत्राने केलेला डबा गिऱ्हाईक परत घेऊन आलं की मालक पडेल आवाजात म्हणतात, "जरा रंगवाल्यांना दाखवा."

चौतीस वर्षांत या कामाने त्यांचे डोळे तीक्ष्ण केले आणि नाक मारलं. गॅसवर दूध करपून धूर झाला तरी त्यांना तो आधी दिसतो. "ताई, माझं नाक नुसतं चष्मा टेकवायला आहे," असं ते हसत सांगतात.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. तिला दमा होता. शेवटच्या हिवाळ्यात तिच्या छातीतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सर्दी आहे थोडी. रंगवाल्यांनी विश्वास ठेवला. नवव्या दिवशी ती गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं त्यांच्या घरात रेडिओसुद्धा लागलेला मी ऐकला नाही.

मग एके दिवशी ते एका घरी पडद्याचा रंग बघायला गेले आणि येताना हातात जाळीचा उंच पिंजरा घेऊन आले. त्या घरची माणसं गाव सोडून चालली होती, आणि त्यांच्या मुलीने हौसेने पाळलेला सरडा कुणाला नको होता. हा कुंपणावरचा साधा सरडा नव्हे. वीतभर लांब, गुंडाळलेल्या शेपटीचा, एक डोळा पुढे तर दुसरा मागे फिरवणारा.

"रंग बदलणारा प्राणी आणि रंग जुळवणारा माणूस, पत्रिका जमली म्हणायची," मी म्हटलं.

"पत्रिका कसली ताई, हा माझा मुकादम. बघा ना, स्वतः काडीचं काम करत नाही आणि एकाच वेळी दोन्हीकडे नजर ठेवतो."

तेव्हापासून तो मुकादम. रंगवाले सकाळी कामाला जाण्याआधी पानांवर पाणी फवारत, कारण तो भांड्यातलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. त्याच्यासाठी डब्यात रातकिडे पाळले होते. दुकानातलं छटांचं जुनं कार्ड ते रोज त्याच्या अंगाजवळ धरत आणि त्या दिवशीच्या रंगाचा क्रमांक कॅलेंडरवर मांडत. मी जशी रोजनिशी लिहिते तशीच ही त्यांची. "आज एकशे बारा. साहेब खुशीत आहेत," असं जिन्यातून ओरडून सांगत. घरात पुन्हा माणसाचा आवाज ऐकू येऊ लागला.

बारा तारखेला, बुधवारी, ते सकाळीच वर आले. कार्ड हातात होतं. "ताई, एकशे चाळीस."

"म्हणजे?"

"काळपट. आणि दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलाय."

मी खाली गेले. मुकादम फांदीला घट्ट धरून, नाक वर करून बसला होता. मी म्हटलं, झोप झाली नसेल. आज मला त्या वाक्याची लाज वाटते. शुक्रवारी त्याच्याजवळ कान नेला तर आतून आवाज आला. ओल्या फुग्यावर नख घासावं तसा, बारीक, थांबून थांबून. खुर्चीची पाठ धरून रंगवाले म्हणाले, "हा आवाज मी ऐकलाय."

शनिवारी त्यांनी दुकानातून सुट्टी मागितली. मालक म्हणाले, "सरड्यासाठी सुट्टी? माझे सासरे दवाखान्यात होते तेव्हा मी नाही घेतली!"

"तुमच्या सासऱ्यांना बोलता येत होतं," रंगवाले म्हणाले आणि निघाले.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मुकादमाच्या तोंडातला चिकट पदार्थ कापसाच्या काडीवर घेतला, वजन केलं, छातीला नळी लावली. फुप्फुसात संसर्ग झालाय, म्हणाल्या. पुढच्या पायात इंजेक्शन दिलं आणि दर तीन दिवसांनी आणायला सांगितलं. मग विचारलं, "काका, घरात काही बदललं का? पिंजरा, जागा, दिवा?"

"काही नाही. पिंजरा तोच, जागा तीच, दिवा तोच."

हे सगळं त्यांनी परत आल्यावर मला सांगितलं, आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. "ताई, सरड्याला खोकता येत नाही. छातीत साठलेलं बाहेर टाकायला त्याच्याजवळ खोकलाच नाही. ती निदान खोकत तरी होती."

पुढचे तीन दिवस त्यांनी दार लोटलेलंच ठेवलं. बाहेर गारठा होता, म्हणून खिडक्याही बंद. पिंजऱ्याच्या जाळीत गारवा शिरू नये म्हणून ते स्वतः खिडकीकडे पाठ करून बसत. ड्रॉपरने तोंडात पाणी सोडताना मी मुकादमाला धरत असे. हातात वजन जाणवायचं नाही, फक्त बरगड्यांची धडपड जाणवायची. त्याच्या जबड्याच्या कडेला बुडबुडे आले होते. औषध चालू होतं आणि आवाज वाढत होता. मंगळवारी सकाळी रंगवाले म्हणाले, "ताई, आज तुम्ही चला. तारखा विचारल्या तर माझं डोकं चालत नाही. तुमची वही घ्या."

डॉक्टरीणबाईंनी दुसरं इंजेक्शन दिलं, पण त्यांचा चेहरा मला आवडला नाही. "एव्हाना थोडा तरी फरक पडायला हवा होता. आजी, पहिल्यापासून सांगा. कधी काय दिसलं?"

मी चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखं वाचू लागले. मध्येच वगळणं मला कधी जमलेलं नाही. "आठ, शनिवार. मुकादमाने तीन रातकिडे खाल्ले, असं रंगवाले म्हणाले. नऊ, रविवार. सकाळपासून खालून तेलरंगाचा उग्र वास. डोकं धरलं, खिडकी लावून घेतली. दहा, सोमवार. वास तसाच. खाली जाऊन भिंत पाहिली. हिरवा रंग सुरेख..."

"थांबा. कसला रंग?"

"भिंतीचा," रंगवाले म्हणाले. "पिंजऱ्यामागची भिंत. मी पानांचा रंग केला, अगदी त्याच्या फांदीवरच्या पानांचा. त्याला बरं वाटावं म्हणून. दोन हात दिले."

"खिडक्या?"

"बंद. त्याला गारठा बाधतो ना."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तो दहा दिवस ती वाफ घेतोय. आधी वाफेने छाती सोलली, मग जंतूंचं फावलं. शनिवारी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बदल विचारलात," ते म्हणाले. "रंग म्हणजे... मी रोजच रंगात असतो."

ते खोटं बोलत नव्हते. मासा पाण्याबद्दल काय सांगणार? पण मला वास आला होता. डोकं धरण्याइतका आला होता. त्यांचं नाक चालत नाही हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरातून येणाऱ्या वासाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी शिस्त आम्हाला शाळेत नन्सनी लावली होती. ती मी सत्तर वर्षं पाळली. मी वहीत लिहिलं, खिडकी लावली आणि गप्प बसले.

"आजच्या आज त्याला त्या घरातून हलवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाचेल असं वचन देत नाही."

त्या दुपारी पिंजरा माझ्या पुढच्या खोलीत आला. दिवा लावला, फांद्या ओल्या केल्या, समोरची खिडकी उघडली आणि मागची बंद केली. रंगवाले पिंजऱ्याजवळ यायला तयार नव्हते. दारात उभं राहून ते स्वतःच्या बाह्या पाहत होते.

"ताई, मग तीसुद्धा माझ्यामुळेच..."

मी म्हटलं, "असं एकदम काही बोलू नका."

"तुमच्याकडे त्या वर्षांच्या वह्या असतील. तिच्याबद्दल काही लिहिलंय?"

नाही म्हणता आलं असतं. कपाट माझं, वह्या माझ्या. पण एक गप्प बसणं समोर फांदीवर धापा टाकत होतं. मी स्टूल ओढून वरच्या कप्प्यातून वह्या काढल्या.

एकोणीस वर्षांपूर्वीची पहिली नोंद वाचली. "खाली नवं बिऱ्हाड आलं. बाई जिन्यात दोनदा थांबल्या. लहानपणापासून दमा आहे, म्हणाल्या."

रंगवाल्यांनी श्वास सोडला. "लहानपणापासून. हो, होताच. पुढे?"

पुढची नोंद मला शोधावी लागली नाही. ती कुठे आहे ते मला ठाऊक होतं. "खालच्या बाई नवऱ्याचे कामाचे कपडे संध्याकाळी बाहेर दोरीवर टाकतात. वासाचा त्रास होतो का, मी विचारलं. म्हणाल्या, होतो थोडा, पण त्यांना सांगू नका. उगाच नोकरी सोडायचं डोक्यात घेतील."

रंगवाल्यांनी बाह्या कोपरांपर्यंत दुमडून घेतल्या.

"सांगायचं होतंत," ते म्हणाले. रागावून नाही. राग परवडला असता.

"हो," मी म्हटलं. "त्यानेच झालं असं मला ठरवता येत नाही. पण सांगायला हवं होतं."

ते दारातून वळले आणि खाली गेले. मला वाटलं, आता हे पुन्हा जिना चढायचे नाहीत. अर्ध्या तासाने आले ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. पिंजऱ्यासमोर बसले आणि हातातल्या घड्याळावर श्वास मोजायला लागले.

बुधवारी मुकादम अधिकच काळा पडला. तोंड उघडं, मान मागे. दुपारी पकड सुटून तो खालच्या फांदीवर आला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं आणि रंगवाल्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. गुरुवारी फरक नाही. शुक्रवारच्या इंजेक्शनला नेताना ते वाटेत एकदाच बोलले: "ताई, हा गेला तर मी ती भिंत बघू कशी?"

शनिवारी बुडबुडे दिसले नाहीत. आम्ही दोघांनी ते पाहिलं आणि दोघंही बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. रविवारी त्याने उजवा डोळा उघडला आणि माझ्याकडे वळवला. सोमवारी सकाळी रंगवाल्यांनी चिमट्यात रातकिडा धरून समोर हलवला. पाच दिवस रोज हलवत होते, पाच दिवस तो बघतही नव्हता. आज दोन्ही डोळे एका रेषेत आले. बराच वेळ काहीच नाही. मग ती लांबलचक जीभ सटकन आली, नेम चुकला, आणि रंगवाल्यांच्या बोटाला चिकटून परत गेली.

"अहो मुकादम, मी नव्हे, किडा!" ते ओरडले आणि तोंडावर हात ठेवून रडले. दुसऱ्या वेळी नेम लागला. कार्ड लावून पाहिलं तर एकशे एकोणतीस. एकशे बारा अजून लांब होतं. आवाजही अजून होता, कान लावला तर.

औषधं आणखी दोन आठवडे चालली. खालची हिरवी भिंत त्यांनी पॉलिश पेपरने खरवडून काढली, तोंडाला फडकं बांधून, खिडक्या सताड उघड्या टाकून. तरीही मुकादम माझ्याच खोलीत राहतो. त्याला खाली न्यायचं धाडस त्यांना होत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ते अजून दुकानात जातात. दुसरं काम या वयात कोण देणार? संध्याकाळी आले की घरी जाऊन आंघोळ करतात, कपडे बदलतात, मग वर येऊन माझ्या उंबऱ्याबाहेर थांबतात आणि दोन्ही हात पुढे करतात, शाळेत नखं दाखवायला करावेत तसे.

"ताई, वास?"

मी वाकून बाह्या हुंगते, केस हुंगते. पहिल्या दिवशी दोघांनाही फार संकोच वाटला. बहुतेक दिवशी मी "या" म्हणते. काल मनगटाजवळ, घड्याळाच्या पट्ट्याला, अगदी पुसट वास होता. बोलायला जड गेलं. दिवसभर राबून आलेला माणूस, आणि मुकादम पिंजऱ्याच्या जाळीला येऊन त्यांचीच वाट बघत होता.

"येतोय," मी म्हटलं.

ते जिना उतरून पुन्हा हात धुवायला गेले. त्यांच्या नळाचं पाणी वाजू लागलं, आणि ते थांबेपर्यंत मी उंबऱ्यातच उभी राहिले.