पुढच्या सीटवरचा डबा

माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आणि डिकीत कंपनीची पार्सलं असतात. पुढची, माझ्या शेजारची सीट मात्र गावाची. तिथे कधी नागपुरात शिकणाऱ्या पोरीसाठी जवसाची चटणी असते, कधी कोणाच्या व्याह्याला पाठवलेली मोसंबीची पिशवी, तर कधी दुरुस्तीला निघालेला मिक्सर. या मालावर बारकोड नसतो आणि त्याचा ओटीपीही येत नाही. "गाडी रिकामीच तर जाऊन राहिली, एवढं घेऊन जाय ना गा भाऊ," असं कोणी म्हटलं की बुकिंग झालं.

हे काम मी हौसेने धरलेलं नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती आणि त्या वयाच्या माणसाला कोणी नोकरीला ठेवत नाही. दाराशी एक जुनी पांढरी कार होती, रामटेकला जायला, लग्नाकार्याला म्हणून घेतलेली. तिलाच कामाला जुंपलं. सकाळी वाडीच्या गोदामातून माल भरायचा, काटोल करायचं, पुढे नरखेड तालुक्यातली खेडी करायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. मी कोणाचा नोकर नाही, त्यामुळे पेट्रोल माझं, पंक्चर माझं आणि चूकही माझीच. सुरुवातीला मोहल्ल्यातून निघताना तोंडाला रुमाल बांधायचो. धूळ फार असते, असं सांगायचो. आमच्या मोहल्ल्यात कसली आली धूळ, दोन्ही बाजूंनी सिमेंट रोड आहे!

माझी बायको म्हणते की माझा स्वभाव म्हणजे मोहरी, तेल तापायचा अवकाश. आणि या कामात तेल सकाळपासूनच तापतं. पत्त्यात लिहिलेलं असतं, 'शाळेजवळ'. अहो, अख्खं गाव शाळेजवळच राहतं! फोन लावला तर माणूस विहिरीवर असतो आणि 'पाच मिनिटात आलो' म्हणतो. शेतकऱ्याची पाच मिनिटं म्हणजे मोटर बंद करून, पाणी वळवून, बैलाला बांधून मग सुरू होणारी पाच मिनिटं. पहिल्या महिन्यात मी निम्मा माल परत आणत होतो. परत आणलेल्या मालाचं काही मिळत नाही. हे काम सोडावं लागणार, असं मी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यात एका गावच्या एसटी थांब्यावर मी फोनवर कोणावर तरी ओरडत उभा होतो. समोरच्या घराच्या ओसरीत साठीची एक बाई तूर निवडत बसली होती.

"काहून ओरडून राहिला गा? ठेव इथं. संध्याकाळी वावरातून येतीन तं नेतीन आपापलं."

मी तिच्याकडे पार्सलं ठेवली, आणि त्या दिवसापासून तिची ओसरी म्हणजे माझी शाखा झाली. मी तिला मावशी म्हणायला लागलो. मावशीला वाचता येत नाही. पण कोणतं खोकं कोणाचं, हे एकदा सांगितलं की पुरे. ओटीपी लागला तर नातीकडून फोन लावून घ्यायची आणि वावरातल्या माणसाला दटावून आकडे काढून घ्यायची. दोन वर्षांत तिच्या ओसरीतून एक पार्सल इकडचं तिकडे झालं नाही. मी काही देऊ केलं तर म्हणायची, "ओसरीचं भाडं लागते का?" वर पाण्याचा तांब्या, चहा आणि उपदेश. "चिडत नको जाऊ, जेवण जिरत नाही." माझी भाकर या बाईने वाचवली. हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो.

तर अशा माणसाने दोन वर्षांत पहिल्यांदा एक काम सांगितलं. जानेवारी होता, बाजारात सांभार, म्हणजे कोथिंबीर, मातीमोल झाला होता. मावशीने स्टीलचा डबा पुढच्या सीटवर ठेवला.

"सांभारवड्या हायेत. गरम हायेत तोवर नेजो. नागपुरात, प्रताप नगरात माही पोट्टी राह्यते, तिले लय आवडते."

"ती नाही का येत इकडे?"

"कामात राह्यते," मावशी म्हणाली आणि तुरीच्या सुपाकडे वळली.

प्रताप नगरात तिसऱ्या मजल्यावर मी बेल वाजवली. पस्तिशीच्या एका बाईने दार उघडलं. मी काही बोलायच्या आत तिची नजर डब्यावर गेली. झाकणावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं.

"काका, परत घेऊन जा."

"अहो ताई, गरम आहेत..."

"त्या घरचं जेवण मला एकदा फार महाग पडलं." आणि मग दारातच, एका अनोळखी माणसाजवळ, तिने सगळं सांगून टाकलं. वडील गेल्यावर वर्षभराने आईचा फोन आला की वड्या केल्यात, जेवायला ये. ती गेली, पोटभर जेवली. जेवण झाल्यावर भाऊ म्हणाला, चल, काटोलला जाऊन येऊ. आईही सोबत निघाली. तिथे रजिस्ट्री ऑफिसात कागद तयारच होते. संत्र्याच्या बागेवरचा तिचा हक्क सोडल्याचे कागद. ती थबकली तेव्हा पेन तिच्या हातात भावाने नाही, आईने दिला.

"मागितलं असतं तर दिलंच असतं, काका. मले जमीन घेऊन काय करायचं होतं? पण जेवायले बोलावून...?" तिचा आवाज फाटला. तिने दार लावलं, पण आपटलं नाही.

मी खाली गाडीत येऊन बसलो. कंपनीचा माल नाकारला तर फोनवर 'ग्राहकाने नाकारले' दाबायचं आणि मोकळं व्हायचं. इथे काय दाबणार? परत नेला तर मावशीला काय वाटेल? मला तिचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी ठरवलं, नाहीच सांगायचं. आता प्रश्न वड्यांचा होता. सांभारवडी दुसऱ्या दिवशी मऊ पडते. सकाळपासून पोटात दोन पोळ्या होत्या. खरं सांगतो, मी फक्त एक तोंडात टाकली. मग दुसरी. वळसा घालून घरी पोचेपर्यंत डबा साफ झाला होता. खाताना लाज वाटत होती आणि हात थांबत नव्हता. बायकोला कळू नये म्हणून डबा मीच घासला, चांगला पुसून लखलखीत केला.

दुसऱ्या दिवशी चोराच्या मनात चांदणं. मावशीने विचारायच्या आधीच मी सुरू झालो, "खूश झाली हो मावशी! सगळ्या खाल्ल्या म्हणाली."

मावशीने डबा घेतला, झाकण काढलं आणि आत पाहिलं. मग डबा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"रिकामा?"

"हो, धुऊन दिला तिने."

मावशीने डबा मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "भाऊ, वड्या तू खाल्ल्या का?"

मी मान खाली घातली.

"माही पोट्टी कितीही रागात असली तरी डब्बा रिकामा नाही पाठवत. चिमूटभर साखर तरी टाकते. एवढीशी होती तवापासून शिकवलं तिले मी." मग थोड्या वेळाने, "कशा झालत्या?"

"चांगल्या झाल्या होत्या," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं झालं. वाया तं नाही गेल्या." तिने डबा फळीवर पालथा ठेवला. "पेन मीच देल्ला होता, भाऊ. पोराचं ऐकलं. तिनं सांगितलंच असन तुले. आता नाही पाठवत काही."

त्या दिवशी उरलेल्या गावांमध्ये मी कोणावरही ओरडलो नाही. ओरडायला अंगात जोरच नव्हता. माझ्या थापेने आधीचं दुःख वाढवून ठेवलं होतं. पोरगी येत नाही, एवढंच आतापर्यंत मावशीला माहीत होतं. आता तर तिने आशाही सोडली होती. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. माझं वड्या खाणं तिने एक वेळ माफ केलं असतं, पण दुसरी गोष्ट नाही.

"रिकामा डबा देते का कोणी? शेजारची वाटी आली तरी आपण गुळाचा खडा टाकल्याशिवाय परत करत नाही. पंचवीस वर्षांत तुम्हाले दिसलं नाही?"

खरंच दिसलं नव्हतं. आपल्या घरातून वाट्या-डबे भरून जातात-येतात आणि आपण पेपर वाचत बसतो.

"जा आणि त्या पोरीले खरं सांगा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे डबा मागितला. तिने 'कशाले' म्हणून विचारलं, मी 'द्या तर' म्हणालो. संध्याकाळी पुन्हा प्रताप नगरातला तिसरा मजला. ताईने दार उघडलं आणि डबा पाहून तिच्या कपाळावर आठी पडली.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी म्हणालो, "ताई, घाबरू नका, रिकामा आहे. यात आईने काही दिलेलं नाही. परवाच्या वड्या मी खाल्ल्या आणि तुम्ही खाल्ल्या असं जाऊन सांगितलं. डबा रिकामा दिला म्हणून पकडला गेलो. कितीही रागात असली तरी माझी पोरगी डबा रिकामा पाठवत नाही, म्हणाल्या."

ताई आधी हसली. सगळ्या खाल्ल्या का, असं विचारून पुन्हा हसली. मग हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली. मी जिन्याकडे पाहत उभा राहिलो. थोड्या वेळाने ती डबा घेऊन आत गेली आणि झाकण घट्ट लावून परत आली.

"काका, या वेळी खाऊ नका."

नाही खाल्लं. उघडूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी काटोलच्या रस्त्यावर गतिरोधक आला की मी डाव्या हाताने डबा धरत होतो. डिकीत कोणाचे तरी महागडे मोबाइल होते, त्यांची मला काही फिकीर नव्हती.

मावशीने ओसरीत बसूनच झाकण काढलं. तळाशी मूठभर साखर होती, बाकी काही नाही. तिने बोट लावून एक दाणा जिभेवर ठेवला. चिमूटभर माझ्या हातावर ठेवली. बाकीची आत जाऊन साखरेच्या बरणीत की कशात तरी ओतून आली. मग म्हणाली, "वापस जाताना थांबजो गा."

तीन वाजता मी परत आलो तेव्हा मावशी थांब्याच्या कट्ट्यावर बसलेली होती. अंगावर घडीची साडी, मांडीवर तोच डबा. माझ्या मागच्या सीटवर परतीचा माल होता म्हणून मी पुढचं दार उघडलं. ती गावाच्या सीटवर बसली. डबा हलका दिसत होता.

"मावशी, खायला काही नाही घेतलं?"

"जेवाले बोलावूनच तं फसवलं तिले. आता खायाचं कोणत्या तोंडानं नेऊ?"

पुढे नागपूरपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बागा मागे पडत होत्या, कुठे कुठे संत्र्याचे ढीग लागले होते. मी मनात म्हणत होतो की कारखाना बंद पडला नसता तर ही माणसं मला कुठे भेटली असती? असं म्हणणं बरोबर नाही, माझ्यासोबत साठ जणांची नोकरी गेली होती. पण त्या दिवशी मला तसं वाटलं, आणि अजूनही वाटतं. मोहल्ल्यातून जाताना रुमाल बांधणं मी केव्हा सोडलं, ते मला आठवत नाही. त्या दिवशी तर नक्कीच बांधलेला नव्हता.

तिसऱ्या मजल्यापर्यंत मावशी दोनदा थांबली, दम लागला म्हणाली. बेल मीच वाजवली आणि दोन पायऱ्या खाली येऊन उभा राहिलो. ताईने दार उघडलं. तिची नजर आईवरून डब्यावर गेली. मग मावशीने डबा पुढे केला आणि ताईने सवयीने तो हातात घेतला, सवयीने झाकण काढून आत पाहिलं.

"रिकामा?"

"हो, रिकामाच हाय," मावशी म्हणाली. "मी जेवाले आली तुयाकडे. भूक लागली हाय."

ताई दारातून बाजूला झाली.